शेऱ्याचा रकाना

आमच्या मंडळीचं जुनं रजिस्टर फुलस्केप आकाराचं आहे. कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. प्रत्येक सभासदापुढं सहा रकाने: अनुक्रमांक, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, प्रभुभोजनात घेतल्याची तारीख आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत अरुंद. तिथं फारसं काही लिहायचं नसतंच. ‘मयत’. ‘मुंबईस गेले’. ‘लग्न होऊन जालन्यास’. आणि क्वचित कुठं ‘शिस्तीखाली’.

हा शेवटचा शब्द बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. मंडळीतला कोणी उघड पापात राहत असेल, तर पंचांनी ठराव करून त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं, अशी जुनी रीत आहे. देवळात यायला त्याला बंदी नसते. गाणी म्हणता येतात, अर्पण टाकता येतं (शिस्तीखालच्या माणसाचं अर्पण कोणी परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही). फक्त पाव आणि द्राक्षरस त्याला मिळत नाही. पश्चात्ताप दिसला की परत घ्यायचं.

1993 च्या ऑगस्टमध्ये तो शब्द मी माझ्या हातानं एका नावापुढं लिहिला. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत शिक्षिका होते, वय छत्तीस, आणि पंचांची सेक्रेटरी. बाईंचं अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर माझ्याकडं आलेलं. वह्या तपासायचं लाल पेन पर्समध्ये होतं, त्यानंच लिहिलं.

ज्यांच्या नावापुढं लिहिलं त्यांना सगळी मंडळी आक्का म्हणायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, दवाखान्यात आया. त्यांचा नवरा आमच्या भजनमंडळात तबला वाजवायचा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची भजनं त्याच्या तबल्याशिवाय रंगायचीच नाहीत. हात इतका हलका की नाताळच्या कीर्तनाला हिंदू आळीतले लोकसुद्धा त्याला ऐकायला येऊन बसत. तोच हात घरी कसा पडतो, हे आक्कांच्या शेजारच्या चार घरांना ठाऊक होतं आणि आम्हाला ते कानावर येऊनही खरं वाटत नव्हतं. एक दिवस आक्का पोरीला घेऊन घरातून निघाल्या. काही महिन्यांनी कळलं की बाजारपेठेच्या टोकाला सायकलीचं दुकान असलेल्या एका माणसाकडं राहतात. तो ख्रिस्ती नव्हता, आणि आक्कांचा घटस्फोट झालेला नव्हता.

पंचांनी ठरवलं, आधी भेट घ्यायची. बाईमाणसाकडं बायांनीच जावं म्हणून मी आणि महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई गेलो. दुकानाच्या मागं एक खोली. आम्हाला पाहून तो माणूस पंक्चर काढता काढता उठला, हात पुसले आणि बाहेर निघून गेला. आक्कांनी चहा टाकला. अध्यक्षीणबाईंनी प्रार्थना केली. मग मी म्हणाले, “आक्का, नेमकं काय झालं ते सांगा तरी. सांगितल्याशिवाय आम्ही प्रार्थना कशी करायची?”

आक्का म्हणाल्या, “देवाला माहीत आहे ना सगळं? मग तुम्ही नुसती प्रार्थना करा.”

आम्हाला तो उद्धटपणा वाटला. सभेच्या इतिवृत्तात मी लिहिलं, ‘भेट घेतली. पश्चात्तापाचं चिन्ह दिसत नाही.’ आणि इतिवृत्तात जे लिहिलं नाही ते इथं लिहिते. परत येताना मी दोन घरी थांबले आणि त्या खोलीचं वर्णन केलं. एकच कॉट आहे, हेही सांगितलं. “प्रार्थनेसाठी सांगते हं,” असं दोन्हीकडं म्हणाले. ख्रिस्ती मंडळीत बातमी अशीच फिरते. दुसरीकडं तिला चहाडी म्हणत असतील; आमच्याकडं ती डोळे मिटून, हात जोडून होते.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, आणि पंचांपैकीही कोणाला माहीत नसावी. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाचा कायदा 1869 चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरपणा, किंवा व्यभिचार आणि वर दोन वर्षं टाकून देणं, अशी जोडगोळी सिद्ध करावी लागे. नुसता मार खाल्ला म्हणून ख्रिस्ती बाईला घटस्फोट मिळतच नव्हता. वेगळं राहायची परवानगी कोर्ट देई, दुसरं लग्न करायची नाही. आणि जिल्हा कोर्टानं घटस्फोट दिला तरी तो हायकोर्टाकडून कायम करून घ्यावा लागे. ही जोडगोळीची अट मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं 1997 साली रद्द केली आणि 2001 साली संसदेनं कायदाच बदलला. म्हणजे 1993 मध्ये आक्कांना आम्ही “आधी रीतसर मोकळ्या व्हा” म्हणत होतो, तेव्हा रीतसर मोकळं होण्याचा रस्ता त्यांच्यापुरता बंद होता. नवऱ्यानं बाहेरख्यालीपणाही केला असता तर वाट उघडली असती. तो नुसता मारत होता.

तबलजीला आम्ही काहीच विचारलं नाही. तो पुढच्या रविवारी नेहमीसारखा तबल्यावर बसला, आणि त्याच्याकडं बघून बायका हळहळल्या.

आमच्याकडं प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. पुढं जाऊन गुडघे टेकायची पद्धत नाही. लोक बाकांवरच बसून राहतात आणि पंच घेऊन फिरतात: आधी पावाच्या तुकड्यांची थाळी, मग लाकडी ट्रे, त्याला भोकं पाडलेली आणि प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा काचेचा ग्लास. द्राक्षरस म्हणजे आदल्या रात्री मनुका उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळलेलं पाणी. उपासना संपली की देवळाच्या मागच्या नळावर बायका ते ग्लास धुतात.

ठराव झाल्यावर आक्का येणं सोडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या येत राहिल्या. शेवटच्या बाकावर, खिडकीकडच्या कोपऱ्यात बसायच्या. पंच थाळी घेऊन त्या बाकापर्यंत जायचा आणि वळायचा. उपासना संपली की आक्का मागच्या नळावर जाऊन पदर खोचायच्या आणि ग्लास धुवायला बसायच्या. पहिल्यांदा जरा कुजबुज झाली, पण ठरावात प्रभुभोजनाचं लिहिलं होतं, भांड्यांचं नाही. प्यायला मनाई होती, धुवायला नव्हती. शिवाय दवाखान्यातली बाई, काच स्वच्छ निघायची. पुढं पुढं बाकीच्या बायकांनी ते काम त्यांच्यावरच सोडून दिलं.

अशी वर्षं गेली. थाळी फिरवणारे पंच बदलले. प्रत्येक जण आधीच्याकडून शिकला की त्या कोपऱ्यातून वळायचं. का वळायचं, हे शेवटच्या दोघांना तर धड माहीतही नसेल.

2002 मध्ये नवे पाळकसाहेब आले. वयानं लहान, बोलणं कमी. बुधवारच्या बायबल अभ्यासाला त्यांनी एकदा योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट घेतली. दगड कोणी आधी मारावा हे तर आम्हाला पाठच होतं. त्यांनी वेगळंच सांगितलं: ही गोष्ट सगळ्यांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. आणि ऑगस्टीन या आद्य काळातल्या मोठ्या बिशपानं तसं का याचा तर्क लिहून ठेवला आहे. ही गोष्ट ऐकून आपल्या बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल या भीतीनं काही लोकांनी ती काढून टाकली असावी, असं त्याचं म्हणणं. मला हसू आलं. म्हणजे कृपेची भीती तेव्हाही होती. मागच्या ओळीत आक्का बसल्या होत्या. मी हसले ते त्यांनी बघितलं असेल का, असा विचार मनात येऊन गेला आणि तसाच गेला.

मग 2004 चा मार्च आला.

माझा मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा. गावातल्या एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट होता. रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करायचे, दुकानदाराच्या कार्डावर सही करायची आणि पैसे संस्थेत भरायचे. चौदा महिने तो कार्डावर सही पुऱ्या रकमेची करत होता आणि भरत होता निम्मी. ऑनलाइन लॉटरीची दुकानं तेव्हा नव्यानं निघाली होती, संगणकाचा पडदा लावलेली, दर थोड्या वेळानं निकाल. एक लाख बारा हजार रुपये तिथं गेले. आम्हाला कळलं ते जीप दारात आली तेव्हा. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर चार ओळी छापून आल्या, नावानिशी. आडनाव ख्रिस्ती, त्यामुळं कोणाचा मुलगा हे गावाला विचारावं लागलं नाही.

आमचे हे गच्चीवर जाऊन बसले ते जेवायलासुद्धा खाली उतरेनात. मी शाळेत रजा टाकली. पहिल्या दोन दिवसांत मंडळीतली सात घरं येऊन गेली. वाईट कोणी बोललं नाही, उलट आवाज सगळ्यांचे मऊ होते. एकीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “बाई, नेमकं काय झालं ते सांगा तरी. सांगितल्याशिवाय आम्ही प्रार्थना कशी करायची?”

शब्दाला शब्द. अकरा वर्षांनी माझंच वाक्य माझ्याच बैठकीत येऊन बसलं होतं. ते ऐकायला कसं लागतं हे मला तेव्हा कळलं: पोटात हात घालून कोणी चाचपतंय तसं. दुसरीनं विचारलं, “तुम्हाला काहीच कल्पना नव्हती?” याला उत्तरच नाही. नव्हती म्हणावं तर कसली आई, होती म्हणावं तर कसली सेक्रेटरी. मी दोघींना काहीतरी सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते मी न सांगितलेल्या तपशिलांसकट माझ्याकडं परत आलं.

तिसऱ्या दिवसापासून मी पुढचं दार लावून घेतलं.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला मागचं दार वाजलं. आक्का होत्या, हातात ॲल्युमिनियमचा डबा. आत आल्या, बैठकीत गेल्याच नाहीत. मोरीत दोन दिवसांची भांडी पडली होती. डबा ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि बसल्या घासायला. मी दारात उभी. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं तर म्हणाल्या, “उद्या पाणी यायचंय ना तुमच्याकडं? पिंपाचा तळ गाळानं भरलाय. धुवून ठेवते.” डब्यात ज्वारीच्या भाकरी होत्या आणि हुलग्याचे शेंगोळे. ते गरम करून दोन ताटं वाढली, एक गच्चीवर नेलं. वरून त्यांचा आवाज आला, “जेवून घ्या, सर.” थोड्या वेळानं रिकामं ताट घेऊन खाली आल्या. चार दिवसांत यांनी खाल्लेला तो पहिला घास होता.

दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशीही. मी त्यांच्या विचारण्याची वाट बघत होते. उत्तर तयार ठेवलं होतं, कडक. त्यांनी विचारलंच नाही. बोलणं सगळं पाण्याचं, गॅसचं, महाग झालेल्या शेंगदाण्यांचं. पाचव्या दिवशी त्या मेथी निवडत होत्या आणि मीच सुरुवात केली. सगळं सांगितलं. लॉटरीचं, सहीचं, त्यानं दहावीत असताना माझ्या पर्समधून पन्नास रुपये घेतले होते आणि मी ते पाठीशी घातले होते, तेही. हे मी यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आक्का “हं” म्हणत देठं मोडत राहिल्या. माझं संपलं तेव्हा मान वर केली.

“पोराला कोठडीत पांघरूण आहे का?”

एवढ्या दिवसांत त्यांनी मला विचारलेला हा एकच प्रश्न. मार्चअखेर, पण पहाटे गारवा असतोच. मला सुचलं नव्हतं. त्या रात्री त्यांच्या सायकलवाल्यानं सोलापुरी चादर पोलीस ठाण्यात नेऊन दिली.

माझी पणजी केडगावची. म्हणजे मूळची कुठली ते तिलाच माहीत नव्हतं. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या पोरी आणल्या, त्यांतली ती एक, आठ-नऊ वर्षांची. आमच्या घरात तिची एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: तिला आधी पेज दिली, नाव नंतर विचारलं. लहानपणी मला वाटायचं, यात काय सांगण्यासारखं? भुकेल्या पोरीला पेजच देणार. पुढं रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्येच समाजानं ‘वाईट चालीच्या’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. सुधारगृह म्हणता आलं असतं, पतिताश्रम म्हणता आलं असतं. त्या काळच्या कानांना ते खटकलं नसतं. हे सगळं मी रविवारच्या शाळेत पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, फळ्यावर सालं लिहून. मेथीचा ढीग समोर असताना पहिल्यांदा ते माझ्या डोक्यात शिरलं.

रविवारी सकाळी साडेआठला आक्का मागच्या दारात उभ्या. “चला, बाई. उशीर होतोय.” मी नाही म्हणाले. त्या दारातून हलल्या नाहीत. चार एप्रिल, झावळ्यांचा रविवार. पोरं शिंदीच्या झावळ्या घेऊन होसान्ना करत देवळाला फेरी मारत होती, त्या गोंधळात आम्ही दोघी आत गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. पहिला रविवार असल्यानं प्रभुभोजन होतं.

मी जन्मभर पुढच्या तीन बाकांत बसत आले. पुढून मागचं दिसत नाही. त्या दिवशी दिसलं. पंच आमच्या बाकाशी आला. माझ्यापुढं थाळी धरली. चोराची आई म्हणून माझ्याविरुद्ध काही ठराव झालेला नव्हता. मी तुकडा घेतला. मग थाळी चार बोटं उंच झाली, आक्कांच्या डोक्यावरून फिरली आणि परत गेली. बस, एवढंच. रागानं नाही की मुद्दाम नाही, सवयीनं. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. अकरा वर्षं, महिन्याला एकदा. मी गणित शिकवणारी बाई, हिशेब आपोआप झाला: एकशे पंचवीसच्या वर वेळा.

पावाचा तुकडा हरभऱ्याएवढा असतो, त्याचे दोन करता येत नाहीत. मी तो रुमालात घेऊन मुठीत धरून ठेवला. ग्लास आला तेव्हा मान हलवली. घरी येऊन रुमाल उघडला तर त्याची लापशी झाली होती. अंगणात ठेवला, चिमण्यांनी नेला. हे चूक की बरोबर ते पाळकसाहेबांना मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढलं. आक्कांचं पान उघडलं तर लाल शाईतला माझा शब्द तसाच, जरा तपकिरी पडलेला. आणि त्याच पानावर दोन ओळी वर त्यांच्या नवऱ्याचं नाव, त्यापुढं ‘मयत, 1999’. तेही माझंच अक्षर. तो दारूनं गेला, माती आमच्याच कबरस्थानात झाली, नोंद मी केली. त्यानंतर वर्षभरात आक्कांनी त्या सायकलवाल्याशी नगरला जाऊन रजिस्टर लग्न केलं होतं, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. तीस दिवस नोटीस लागते, कोणालाही हरकत घेता येते. ते लग्न मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आमच्याच नियमानं बघितलं तरी ज्याला आम्ही पाप म्हणत होतो ते चार वर्षांपूर्वी संपलं होतं. ‘मयत’ आणि ‘शिस्तीखाली’ यांच्यात दोन ओळींचं अंतर होतं, आणि पाच वर्षांत माझी नजर वरून खाली आली नव्हती. आम्ही कोणी आक्कांवर राग धरून बसलो नव्हतो. आम्ही विसरलो होतो. राग असता तर निदान कोणीतरी मिटवायला पुढं झालं असतं.

मे महिन्यातल्या सभेत मी विषय मांडला. माझ्या तोंडी तो शोभत नव्हता, हे समोरच्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. एका वडीलधाऱ्या पंचांनी सरळ विचारलं, “पण तिनं पश्चात्ताप कुठं केला?” दुसऱ्यांचं म्हणणं, लग्न देवळात नाही, तर ते लग्न कसलं? दीड तास गेला. पाळकसाहेब ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तीन पायऱ्या आहेत. भाऊ चुकला तर पहिल्यांदा एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोलायचं, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीपुढं. त्र्याण्णव साली पहिल्या पायरीला कोण गेलं होतं?”

कोणी बोललं नाही. आम्ही दोघी गेलो होतो ती दुसरी पायरी होती, आणि तीसुद्धा आम्ही दोन घरी थांबत उतरलो होतो. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. ते दोघं पंच अजूनही मला भली माणसं वाटतात. ते निदान जे मानत होते ते तोंडावर बोलले.

सांगायला मी गेले. एकटी. दुकानात सायकलवाला चाकाच्या आऱ्या ओढत होता. टायरांच्या वर खिळ्याला एक कार्ड लटकत होतं, पिवळं, तेलकट बोटांचे ठसे उमटलेलं. पिग्मीचं कार्ड. रोजचे वीस रुपये, आणि प्रत्येक आकड्यापुढं माझ्या मुलाची सही. ती सही तो पहिलीत असताना मी त्याच्याकडून गिरवून घेतली होती. मी बघत राहिले तसा तो म्हणाला, “ते होय? झेरॉक्स दिलीय पोलिसांना. मूळ असू द्यावं म्हटलं.”

म्हणजे चौथ्या दिवशी डबा घेऊन आक्का आल्या तेव्हा त्यांचे स्वतःचे पैसे बुडालेले होते.

आत चहा झाला. ठरावाचं सांगितलं. आक्का “बरं” म्हणाल्या. मग मी ते जुनं काढलं, की त्या वेळी इथून परत जाताना मी दोन घरी सांगितलं होतं.

“दोन नाही, बाई, चार.” आक्का बशीत चहा ओतत म्हणाल्या. “एकीनं येऊन मला सगळं म्हणून दाखवलं. चहात साखर कमी होती, हेपण सांगितलंत म्हणे.”

“ते मी नाही सांगितलं.”

“मग अध्यक्षीणबाईंनी सांगितलं असेल. कमी होतीच. रेशनची संपली होती.”

आम्ही दोघी हसलो. मला रडायला येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. नगर रस्त्याला आमचा एक प्लॉट होता, तो विकला आणि डिसेंबरपासून एकेका खातेदाराचे पैसे देत गेलो. बाजारातल्या एका पानवाल्यानं त्याआधी दोनदा दारात येऊन आरडाओरडा केला होता. त्याचा मला कधी राग आला नाही. त्याला त्याचे अकराशे रुपये हवे होते, माझ्या मनाचा तपशील नको होता. सायकलवाल्यानं आपले चार हजार तीनशे साठ अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजले, पावती लिहून दिली आणि कार्ड खिळ्यावरून काढून माझ्या हातात ठेवलं. ‘राहू द्या’ म्हणाला नाही, हे मला फार बरं वाटलं. जक्कय जकातदारानंही लुबाडलेलं चौपटीनं परत करायचं कबूल केलं होतं. पण येशू त्याच्या घरी पाहुणा गेला तो आधी.

हे लिहिताना एक गोष्ट सुटता कामा नये. न विचारण्याला मी इथं एवढं डोक्यावर घेतलं, पण तबलजीलाही आम्ही कधी काही विचारलं नव्हतं. ती कृपा नव्हती. तिथं विचारायला हवं होतं, एकट्यानं जाऊन, दार लावून. दोन्हींतला फरक मला नेमका मांडता येत नाही. पण उधळ्या मुलाच्या दाखल्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. बाप मुलाचं पाठ केलेलं बोलणं पुरं होऊ देत नाही, आधीच झगा मागवतो. पैसे कुठं उडवले हे तो विचारतच नाही. मुलानं ते वेश्यांवर उडवले, हा तपशील पुरवतो तो थोरला भाऊ, आणि थोरला भाऊ तर शेतातून आत्ताच परत आलेला असतो. त्याला कोणी सांगितलं? नक्की कोणीतरी प्रार्थनेसाठी सांगितलं असणार.

मुलगा सतरा दिवसांनी जामिनावर सुटला. खटला पुढं लांबला, तो वेगळाच विषय आहे. आता तो पुण्यात टेम्पो चालवतो. ती सोलापुरी चादर अजून त्याच्याकडं आहे, विरलेली.

सहा जूनला, पहिल्या रविवारी, मी परत शेवटच्या बाकावर बसले. थाळी आली. माझ्यापुढं थांबली, मग आक्कांपुढं थांबली. पंच नवखा होता, त्याचा हात सवयीनं वर जायला निघाला आणि मध्येच खाली आला. आक्कांनी तुकडा घेतला. वर पंखा कुरकुरत होता, पुढं कोणाचं तरी मूल रडत होतं. ग्लास आला, तो घेतला, आणि रिकामा करून ट्रेच्या भोकात नीट बसवला.

उपासना संपल्यावर त्या उठून मागच्या नळाकडं चालू लागल्या. मी म्हणाले, “आक्का, आज राहू द्या ना. दुसरं कोणी धुवेल.”

“दुसऱ्यांना जमत नाही.”

मीही गेले. सेक्रेटरी असल्यानं मी इतक्या वर्षांत कधी त्या नळावर बसले नव्हते. दोन-तीन ग्लास विसळून पालथे घातले. आक्कांनी त्यांतला एक उचलला, उजेडात धरला आणि परत माझ्यापुढं ठेवला.

“तळाशी रस राहतोय, बाई. करंगळी घालून फिरवा.”